बावीस वर्षांना एक वीत

बेकरीमागच्या गल्लीत त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कोणी खिडकीत, कोणी जिन्यावर, कोणी दुसऱ्याच्या पायावर, असे सगळे उभे होते आणि सगळ्यांचे डोळे एका काचेच्या पट्टीकडे लागले होते. पट्टी शाळेतल्या फूटपट्टीएवढी. बेकरीच्या कुंपणभिंतीला मधोमध एक भेग होती. तिच्यावर, भिंतीच्या माथ्यावरच, ती आडवी बसवली होती. एक टोक भेगेच्या अलीकडे, एक पलीकडे. भिंतीच्या पायाशी हातभर लांबीचे चार लोखंडी खिळे जमिनीत ठोकलेले.

"पासष्टावा दिवस!" बाबांच्या चेल्याने आरोळी ठोकली. "काच फुटली का?"

"नाही!" गल्ली गरजली.

"जमीन हलली का?"

"नाही!"

"कोणी धरली?"

"खिळेबाबांनी!"

बेकरीतून आणलेल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर खिळेबाबा बसले होते. त्यांनी डोळे अर्धे मिटून मान हलवली, जणू जमीन धरून ठेवणं हे घरचंच काम, त्यात एवढं ओरडण्यासारखं काय आहे.

सव्वादोन महिन्यांपूर्वी, एका दुपारी, गावाला एक हिसका बसला होता. फार नाही. खिडक्या थरथरल्या, भांडी वाजली आणि बेकरीतली बिस्किटांची एक बरणी फळीवरून उडी मारून खाली आली. पण गल्लीची पाचावर धारण बसली. तिसऱ्या दिवशी हे बाबा हजर. खांद्यावर खिळ्यांची पिशवी, हातात घण.

"बाळांनो," त्यांनी तेव्हा समजावलं होतं, "जमीन म्हणजे पलंगावरची चादर. चादर का सरकते? कोपरे खोचलेले नसतात म्हणून. मी कोपरे खोचतो. माझा खिळा दिसायला हातभर, पण त्याचं टोक थेट पाताळात जातं. विश्वास नसेल तर खाली जाऊन बघून या."

खाली जाऊन बघून येण्याची कोणाची तयारी नव्हती. त्यामुळे विश्वास बसला.

गर्दीच्या अगदी शेवटी, दुधाच्या रिकाम्या कॅनमागे, एक माणूस अंग चोरून उभा होता. ही भिंत बावीस वर्षांपूर्वी त्यानेच बांधली होती. बेकरीवाला त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्या वेळी भिंत कशी सुतासारखी सरळ होती हे फक्त त्यालाच आठवत होतं. बाकी गाव त्याला "वाकडे मिस्त्री" म्हणत होतं. भिंत दुसऱ्याच वर्षी मधोमध जराशी तडकली आणि पुढे वर्षागणिक वाकतच गेली. मग कोणाकडे दार अडकलं, कोणाकडे फरशी उचकटली, की लोक आधी विचारायचे, "कोणी बांधलं? वाकड्यांनी?" आणि त्याने न केलेल्या कामांचं खापरही त्याच्याच डोक्यावर फुटायचं.

मिस्त्रीचा स्वभाव मुळात भिडस्त. आपण बांधलेली भिंत तुटलेली दिसावी, ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. म्हणून दरवर्षी एकदा, बेकरीची सुट्टी बघून, तो मुकाट्याने यायचा. भेगेपाशी तयार झालेली पायरी छिन्नीने तासायचा, वर गिलावा चढवायचा आणि थापीने असा गुळगुळीत करायचा की तुटलेली भिंत नुसती वळलेली दिसावी. एकवीस वेळा त्याने हे केलं होतं. हाताला इतकी कला असून भिंत का वाकते, हे कोडं त्याला सुटलं नव्हतं. आपला हातच वाकडा असेल, असं त्यालाही हळूहळू वाटू लागलं होतं.

"तो वाकड्या हाताचा इसम आलाय का?" खिळेबाबांनी डोळे न उघडता विचारलं.

पन्नास माना मागे वळल्या. दुधाचे कॅन काही माणसाला लपवण्याएवढे उंच नसतात.

"ऐका," बाबा म्हणाले. "वाकडी भिंत जमिनीला टोचते. टोचलं की ती कूस बदलते. मी चार खिळ्यांनी तिला धरून ठेवलंय, पण माझ्याही हातांना रग लागते. शंभराव्या दिवशी पाचवा खिळा. त्याच्याखाली या इसमाने आपल्या हाताने आपला ओळंबा पुरायचा, चूक कबूल करायची आणि पुन्हा थापीला हात लावायचा नाही. मग जमीन कायमची शांत!"

"शांत!" गल्ली गरजली. सगळ्यात मोठा आवाज मेहुण्याचा होता.

घरी आल्यावर मिस्त्रीने भिंतीची उभी रेष तपासायचा ओळंबा काढून मांडीवर घेतला. पितळी, गाजरासारखा निमुळता, दोरीची जागा झिजून चकचकीत झालेली. त्याच्या वडिलांचा होता तो. याच्या दोरीवर त्याने तीस वर्षं घर चालवलं होतं.

"द्यायचा म्हणता?" बायकोने विचारलं.

"काय करू? तुझाच भाऊ सगळ्यात पुढे आहे."

"माझ्या भावाची अक्कल मला नका सांगू. लहानपणी तो चंद्र आपल्यामागे येतो म्हणून रडायचा." तिने पदराला हात पुसले. "पण अहो, एक विचारू? तुम्हाला तरी खात्री आहे का, की चूक तुमची नाही?"

मिस्त्रीने ओळंबा उलटसुलट करून पाहिला. खात्री असती तर तो कॅनमागे उभा राहिला असता का?

दुसऱ्या दिवशी शाळेचं बोलावणं आलं. भूगोलाच्या नव्या बाईंना मैदानाच्या भिंतीचं काम दाखवायचं होतं. बाई उंच, चष्म्यावरून बघणाऱ्या, खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांच्या. त्या याच वर्षी गावात आल्या होत्या.

"ही भिंत मधेच वाकलीय, मिस्त्री. बघा काय करता येतंय."

मिस्त्रीने सवयीने आधी ओळंबा सोडला. भिंत उभी बरोबर होती, केसभर फरक नाही. मग त्याने लाइनदोरी घेतली. भिंतीच्या एका अर्ध्या भागाला धरून ताणली आणि तशीच सरळ पुढे नेली. दुसऱ्या अर्ध्या भागापाशी दोरी भिंतीला सोडून भलतीकडेच गेली. त्याने मधलं अंतर हाताने मोजलं. एक वीत, दोन विती, तीन विती.

त्याने दोरी गुंडाळून टाकली.

"बाई, ही भिंत मी बांधलेली नाही हो!" तो घाईघाईने म्हणाला.

"नाहीच. पायाच्या दगडावर साल कोरलंय. सहासष्ट वर्षं झाली. तुमचा जन्म तरी झाला होता का?"

मिस्त्री दगडाकडे बघत राहिला. त्याला आपण बांधलेल्या बेकरीच्या भिंतीचा बाक आठवला. डोळे मिटूनही सांगू शकला असता. एक वीत.

"बेकरीची भिंत, बावीस वर्षांना एक वीत," तो पुटपुटला. "सहासष्ट वर्षांना तीन विती. बाई, हा काय प्रकार आहे?"

बाईंचे डोळे चष्म्यामागे चमकले. "बेकरीची भिंत कुठे मोडते, ठाऊक आहे? इथून दोरी धरली तर?"

त्यांनी खरंच दोरी धरली. शाळेच्या भिंतीतली भेग, मग रस्त्याच्या कडेचे दगड आणि पुढे गल्लीतली बेकरीची भिंत, सगळं एका रेषेत. कडेचे दगड अकरा वर्षांपूर्वी बसवलेले. तिथे सरकलेलं अंतर मिस्त्रीने गुडघ्यावर बसून मोजलं. अर्धी वीत. येणारे जाणारे बघत होते. वाकडे मिस्त्री आता रस्त्यालाही नमस्कार करायला लागले, असं एकजण म्हणालाही.

रिकाम्या वर्गात बाईंनी दोन बाकं एकमेकांना चिकटवली आणि दोन्हींवरून मिळून खडूने एक सरळ रेघ ओढली.

"ही तुमची भिंत. आता तुमच्या बाजूचं बाक ढकला. हळू."

मिस्त्रीने ढकललं. बाकं एकमेकांना घासत सरकली आणि रेघ मधोमध तुटली. दोन तुकडे. दोन्ही सरळ, पण आता एकमेकांसमोर नाहीत.

"पृथ्वीचं कवच अखंड नाही, मिस्त्री. ते तुकड्यातुकड्यांचं आहे, काही तुकडे खंडाखंडाएवढे. खाली खोलवर खडक इतका तापलेला असतो की घट्ट असूनही अगदी संथ वाहतो, आणि वरचे तुकडे सरकत राहतात. दोन तुकडे समोरासमोर भिडले की जमीन चुरगळून डोंगर उभे राहतात. एकमेकांपासून लांब गेले की मधे समुद्र तयार होतो. आणि काही ठिकाणी ते असे अंगाला अंग घासत जातात. आपलं गाव तशा फटीवर बसलंय."

"आणि कोणाला कळत नाही?"

"नखं वाढलेली कळतात का? मोठे तुकडे साधारण त्याच चालीने जातात. आपल्या फटीची चाल त्याहून मंद, वर्षाला बोटाच्या रुंदीहूनही कमी. बऱ्याच ठिकाणी हे तुकडे एकमेकांत अडकून बसतात आणि मग एकदम सुटतात, तो मोठा भूकंप. इथे ते थोडे थोडे सरकतात. मधे कधी हिसका बसतो आणि तुमच्या मेहुण्याची बरणी पडते."

मिस्त्रीने त्या तुटलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "म्हणजे माझा हात..."

"तुमचा हात सरळ आहे. तुमच्या भिंतीखालची जमीन गेली."

तो पन्नाशीचा माणूस त्या बाकावर बसून रडला. बावीस वर्षांचं ओझं उतरलं तर रडू येणारच. बाईंनी शहाणपणा करून तोंड फिरवलं आणि फळा पुसायला घेतला. फळा आधीच पुसलेला होता.

"पण बाई," नाक पुसून मिस्त्री म्हणाला, "जमीन सरकते तर बाबांची काच पासष्ट दिवस फुटली कशी नाही? आम्हीही लावतो तशी काच. भेग चालू आहे की थांबली, ते बघायला. दोन्ही टोकं सिमेंटात पक्की करायची. भेग हलली की काच तडकते."

"मग इथे लावा तशीच. आणि बघू."

त्याच दिवशी शाळेच्या भिंतीवर काच लागली. बाईंनी खाली तारीख लिहिली, शिपायाची आणि दोन शिक्षकांची सही घेतली. मिस्त्री रोज दुपारी जाऊन बघू लागला. बायकोने आठवडाभर सहन केलं. मग विचारलं, "काय हो, या वयात शाळेत नाव घातलंत का?" त्याने तिला सगळं सांगितलं. ती ऐकून एवढंच म्हणाली, "शंभराव्या दिवशी मी येणार. पुढच्या रांगेत."

एकोणिसाव्या दिवशी शाळेची काच मधोमध तडकली.

शंभराव्या दिवशी गल्ली नुसती फुलून गेली. खुर्चीवर आज गादीही होती. पाचवा खिळा चांगला पुरुषभर उंच आणि तेल लावून चमकवलेला. खाली ओळंब्यापुरता खड्डा खणलेला. पुढच्या रांगेत मिस्त्रीची बायको, तिच्या शेजारी भूगोलाच्या बाई.

"ये," बाबा म्हणाले. "आण ते हत्यार."

मिस्त्री पुढे आला. ओळंबा त्याने छातीशी धरला होता.

"भावोजी, पटकन उरका," मेहुणा कुजबुजला. "भट्टीत पाव आहेत."

"देतो," मिस्त्री म्हणाला. "पण हत्यार ठेवण्याआधी गवंडी शेवटचं काम तपासतो. तेवढं करू द्या."

बाबांनी उदार मनाने हात हलवला. मिस्त्रीने ओळंबा सोडला. पितळ डुललं, थांबलं. भिंत दोरीला समांतर.

"उभी सरळ आहे," तो म्हणाला. मग काचेकडे वळला. आधी डोळे बारीक करून पाहिलं, मग नाक जवळ नेलं. आणि मग काचेच्या एका टोकाखालच्या करड्या सिमेंटवर अंगठा दाबला.

अंगठा आत गेला.

तो बघतच राहिला. मग त्याने अंगठा वर धरला. रेघान्‌रेघ उमटलेला ठसा मागे राहिला होता.

"शंभर दिवसांच्या सिमेंटवर अंगठा उमटतो होय?" त्याने विचारलं. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

पन्नास माना अंगठ्याकडे वळल्या. पण खिळेबाबा काही असेतसे नव्हते. ते उठून उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "पाहा! पाहा! भक्तीने सिमेंटालाही पाझर फुटला! दगड मऊ झाला!"

"मऊ झाला!" गल्लीने तोंडात बोटं घातली. दोन बायकांनी तिथल्या तिथे हात जोडले. एकाने विचारलं, घरच्या खाटेचा लाकडी फळकाही मऊ होईल का, फार टोचतो.

मिस्त्री गोंधळला नाही. त्याने काचेच्या दुसऱ्या टोकाखाली अंगठा दाबला. मग जोर लावून दाबला. मग थापीच्या मुठीने ठोकलं. टक टक.

"हे कडक आहे," तो म्हणाला. "भक्ती काचेच्या अर्ध्याच भागावर बसली का, बाबा?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"ते... त्या बाजूला अश्रद्ध माणसं उभी आहेत," बाबा म्हणाले.

त्या बाजूला मेहुणा उभा होता. "मी?" तो कळवळला. "मी शंभर दिवस तुम्हाला फुकट लोणी-पाव खाऊ घातला!"

तेवढ्यात मिस्त्रीची बायको पुढे झाली. तिने केसांतला आकडा काढला, मऊ टोकाखालचा एक गोळा खरवडला आणि आकड्यावर धरून शेजारच्या माणसाच्या काडीपेटीने पेटवला. गोळा छान, पिवळ्या ज्योतीने जळू लागला.

"माझं आयुष्य सिमेंटवाल्याबरोबर गेलंय," ती म्हणाली. "अजून पेटलेलं बघितलं नव्हतं. हे मेण आहे, दादांनो. करडा रंग घातलेलं मेण."

आता गर्दी पुढे सरकली. बाईंनी काच बोटाने हळूच दाखवली. मऊ टोकाच्या एका बाजूला, मेणावर, काचेच्या कडेला लागून एक स्वच्छ पट्टा उघडा पडला होता, गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढा. पलीकडे भिंतीवर शंभर दिवसांची धूळ, इथे नाही. काच फुटली नव्हती, कारण तिला फुटायचं कारणच ठेवलं नव्हतं. एक टोक पक्कं, एक मेणावर मोकळं. जमीन आपली सरकत होती आणि काच तिच्याबरोबर घसरत होती.

"आणि ही शाळेची," बाईंनी पिशवीतून तडकलेली काच काढली. खालचा सिमेंटचा तुकडाही सोबत होता, तारखेसह. "दोन्ही टोकं मिस्त्रींनी पक्की केलेली. एकोणीस दिवसांत तडकली. जमिनीचं कवच मैलोन्‌मैल जाड आहे. त्याला हातभर खिळ्याने धरणं म्हणजे डासाने हत्तीची शेपटी पकडून त्याला थांब म्हणणं."

सगळे बाबांकडे वळले. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बाबांचं मौन सुरू झालं!" चेल्याने जाहीर केलं.

मौन पाळत पाळत बाबा गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, टोकापासून पुढे मात्र पळत गेले. पाचवा खिळा तिथेच राहिला. चेल्याने जाताना गादी घेतली होती. ती मेहुण्याने परत हिसकावली.

मग कोणी हसलं, कोणी चिडलं, कोणी म्हणालं की आपल्याला पहिल्या दिवसापासूनच संशय होता. असं म्हणणारे मोजले तर पहिल्या दिवशी गल्लीत कोणीच नव्हतं असं झालं असतं.

"मिस्त्री, बोला काहीतरी," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीला भाषणाची सवय नव्हती. त्याने ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"बाबा खोटा, ते तुम्ही पाहिलंच," तो शेवटी म्हणाला. "पण माझीही चूक आहे, ती आज कबूल करतो. या भिंतीला दरवर्षी पायरी पडत होती. मला लाज वाटायची, म्हणून मी ती लिंपून टाकायचो. एकवीस वेळा लिंपली. न लिंपता नुसती मोजली असती, तर वीस वर्षांपूर्वीच कळलं असतं की हे माझ्या हाताचं नाही, जमिनीचं आहे. दरवर्षी तेवढंच, त्याच दिशेला. तुम्हाला भेग कधी नीट दिसलीच नाही, कारण मी ती झाकली. आणि झाकलेल्या जागी हा खिळे घेऊन बसला." तो थांबला. "माझं एवढंच म्हणणं आहे. भेग दिसली तर घाबरू नका आणि लाजूही नका. दोरी लावा, मोजा, तारीख लिहा, आणि न कळलं तर ज्याला कळतं त्याला विचारा. कोणी म्हणालं मी चमत्कार केला, तर त्याला म्हणा, दोन्ही टोकं पक्की करून दाखव."

 मेहुण्याने खाली बघत विचारलं, "भावोजी, मग जमीन थांबणारच नाही?"

"नाही रे. ती आपल्याआधीपासून चाललीय."

"मग भिंतीचं काय?"

"तोडू आणि दोन वेगळ्या बांधू. मधे जागा सोडू, तिला जायला. पाण्याचा नळ फटीवरून जातो, तिथे वाकणारी नळी घालू. आणि फटीवर घर बांधायचं नाही, कोणीच नाही."

इतक्यात भट्टीतून करपल्याचा वास आला आणि मेहुणा किंचाळत आत पळाला. त्या दिवशी गल्लीने काळे पाव खाल्ले आणि कोणी तक्रार केली नाही.

भिंत आता दोन तुकड्यांत उभी आहे, मधे चार बोटं जागा. शाळेची मुलं वर्षातून एकदा फूटपट्टी घेऊन येतात, मोजतात आणि तारीख लिहून जातात. चार खिळ्यांवर मेहुणा बेकरीचे टॉवेल वाळत घालतो. मिस्त्रीला लोक अजूनही वाकडे मिस्त्रीच म्हणतात, कारण गावाची जीभ जमिनीहूनही सावकाश सरकते. पण काम द्यायला आता लोक त्याच्या दारात येतात, आणि येताना आपल्या भेगा घेऊन येतात, न झाकता.

जुनी भिंत पाडण्याआधी त्याने तिच्यातल्या एका विटेवर कोळशाने काहीतरी लिहिलं होतं. बायकोने ती वीट काढून ठेवली. ती आता त्यांच्या घराच्या उंबऱ्याशी आहे, ओळंब्याच्या खुंटीखाली. त्यावर लिहिलंय: "ही भिंत सरळ बांधली होती."